एकसष्ट ओळी, चोपन्न ठिपके

मासिकाच्या मराठी विभागात माझं नाव बघून माझ्या मैत्रिणींना जेवढं आश्चर्य वाटेल, तेवढंच ते मलाही वाटतंय. बालवाडीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आवारात मराठी शब्द तोंडातून निघाला की दंड! घरी आई-बाबा मराठीच बोलतात म्हणून बोलण्याचं निभावून जातं, पण लिहायला बसले की पहिली वेलांटी की दुसरी, इथेच गाडी अडते. आणि आकड्यांचं तर विचारूच नका. पन्नासपर्यंत कसंबसं जमतं. पुढे एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही भावंडं आली की मी मनातल्या मनात इंग्रजीत उलटं मोजायला लागते. किराणा दुकानात मी सरळ पन्नासच्या दोन नोटा पुढे करते आणि परत येईल ते घेते.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण पुढच्या गोष्टीत या कच्च्या मराठीचा आणि कच्च्या आकड्यांचा बराच हात आहे. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी दुरुस्त कराव्यात. बाकीच्या चुका मात्र तशाच राहू द्याव्यात, कारण लेख त्यांच्याबद्दलच आहे.

तर झालं असं. जानेवारी २०२५ मध्ये आमचं एन.एस.एस.चं सात दिवसांचं निवासी शिबिर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माण म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर पावसात बुडालेलं असतं आणि पूर्वेला माणमध्ये लोक आभाळाकडे बघत बसतात. मुलांना श्रमदानाचं काम मिळालं, एका जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढायचा. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना बघून सर म्हणाले, "तुम्ही फावडं धरलंत तर फावड्यालाच लागेल. तुम्ही गावातल्या पाण्याच्या सगळ्या जागांची यादी करा." विहिरी, बोअर, हातपंप, झरे, सगळं. प्रत्येकाची खोली किती, मालकी कोणाची, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं आणि ती जागा नक्की कुठे आहे.

शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा वाटला होता. फोन काढायचा, अक्षांश-रेखांश बघायचे, लिहून घ्यायचे. गावात रेंज फक्त मारुतीच्या देवळाच्या पारावर, तीही एकच काडी. पण जीपीएसला रेंज लागत नाही. फोन फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतो आणि स्वतःच गणित करतो. उघड्या आभाळाखाली चार-पाच मीटर इकडेतिकडे. विहिरीसाठी एवढं पुष्कळ झालं. आम्ही तीन जोड्या केल्या, छापील फॉर्म घेतले आणि पाच दिवस उन्हात हिंडलो. रोज रात्री शाळेच्या वर्गात बसून मी ते फॉर्म लॅपटॉपवर भरायचे. एका जागेला एक ओळ. पाचव्या रात्री ओळी झाल्या एकसष्ट.

यादी तयार झाली, पण ती वाचून कोणाला काही कळेना. सरपंचांनी प्रिंटवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे सगळं बरोबर असंल, पण ह्यात गाव कुठं दिसतंय?" एकदम बरोबर प्रश्न. अक्षांश-रेखांशाच्या दोन रांगा म्हणजे गाव नव्हे. नकाशा हवा होता.

इथे हॉस्टेलवासीयांसाठी थोडी तांत्रिक माहिती. (ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून मेसला जावं. आज पोहे आहेत.) माझ्या लॅपटॉपवर आपल्या लॅबसारखंच उबुंटू आणि लिबरऑफिस आहे. त्यातलं कॅल्क म्हणजे आपलं स्प्रेडशीट. या सॉफ्टवेअरचा इतिहासही गमतीदार आहे. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने स्टारऑफिस बनवणारी एक जर्मन कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्यातून ओपनऑफिस आलं. २०१० मध्ये सन ऑरेकलकडे गेली, आणि त्याच वर्षी ओपनऑफिसवर काम करणाऱ्या बऱ्याच मंडळींनी वेगळी चूल मांडली. तेच लिबरऑफिस.

एक्सेलमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून थ्रीडी मॅप्स नावाची सोय आहे, पण तिला मागचा नकाशा आणायला इंटरनेट लागतं. कॅल्कमध्ये नकाशाचं तयार बटणच नाही. मेकॅनिकलचा मित्र म्हणाला, "मग क्यूजीआयएस टाक ना, ते खरं नकाशांचं सॉफ्टवेअर." त्याचं बरोबर होतं. पण आम्ही सात दिवसांनी निघून जाणार, नंतर फाइल राहणार ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरदादांकडे. त्यांना स्प्रेडशीट छान येतं, दाखल्यांची सगळी कामं ते त्यातच करतात. नवी बोअर पडली की त्यांनी एक ओळ वाढवावी आणि नकाशावर एक ठिपका वाढावा, एवढंच मला हवं होतं. म्हणून ठरवलं, नकाशा कॅल्कमध्येच करायचा.

युक्ती साधी आहे. अक्षांश-रेखांश म्हणजे शेवटी दोन आकडेच. ग्राफ पेपरवर एक्स आणि वाय मांडतो तसे मांडायचे. इन्सर्टमधून चार्ट, प्रकार एक्स-वाय स्कॅटर, त्यातही फक्त ठिपके, रेषा नकोत. केलं. ठिपके उमटले. मी खूश! शेजारी बसलेल्या ऑपरेटरदादांनी मान तिरकी केली, मग आणखी तिरकी केली. "मॅडम, ओढा आमच्या गावच्या पूर्वेला हाय. तुमी उत्तरेला नेला."

कॅल्क पहिली रांग एक्सवर घेतं. आपण बोलताना "अक्षांश-रेखांश" म्हणतो, म्हणून मी अक्षांश पहिल्या रांगेत लिहिले होते. अक्षांश आडवे पडले, रेखांश उभे राहिले आणि अख्खं गाव कुशीवर झोपलं. एक्सवर रेखांश हवेत, वायवर अक्षांश. याच गोंधळाचा दुसरा नमुना देवळाच्या पारावर दिसला. मी एका विहिरीचे आकडे उलट क्रमाने ओपनस्ट्रीटमॅपवर टाकले, तर माणमधली विहीर निघाली नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिकच्या थंड समुद्रात! ७४ अंश उत्तर म्हणजे तिथेच. पाणीटंचाई कायमची संपली असती म्हणा.

दुसरी भानगड मापाची. कॅल्क स्वतःच्या सोयीने अक्ष ताणतं, त्यामुळे लांबट गाव चौकोनी दिसायला लागतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाल तसा आखडत जातो, कोसाइनच्या हिशोबाने. माणमध्ये तो १०६ किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे दोन्ही अक्षांवर सारखेच अंश घेतले, तर चार्टची उंची १५ सेंटिमीटर असताना रुंदी १४.३ हवी. अकरावीत "याचा आयुष्यात काय उपयोग" असं ज्याच्याबद्दल म्हटलं होतं, तो कोसाइन माणच्या एका शाळेत भेटला.

तिसरी भानगड लिहिण्याची. एका जोडीचा फोन अंश-मिनिटं-सेकंद दाखवायचा, दुसरीचा दशांश. एकाने १७ अंश ४२ मिनिटांचे सरळ १७.४२ लिहिले. पण मिनिटं साठाची असतात, शंभराची नव्हे. ४२ भागिले ६० म्हणजे ०.७०, म्हणून ते हवं होतं १७.७०. या एका टिंबाने ती विहीर ३१ किलोमीटर दक्षिणेला, तालुक्याबाहेर गेली. आणि एका जणाने आठ-आठ दशांश स्थळं लिहिली होती. पाचवं स्थळ म्हणजेच साधारण एक मीटर. आठवं म्हणजे मिलिमीटर! विहिरीच्या काठावरची मुंगी मोजायची होती का आपल्याला?

चौथी भानगड मी स्वतः. एका आजोबांनी विहिरीची खोली सांगितली "एकोणसाठ फूट" आणि मी ठसक्यात लिहिलं ६९. रूममेटने पकडलं. त्या रात्री तिने मला फळ्यावर एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे "एकोण" लिहून पाठ करायला लावले. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात!

आणि पाचवी भानगड. ती आली तेव्हा मला फार मोठी वाटली नव्हती. सगळे आकडे दशांशात आणायला मी एक सूत्र लावलं होतं: अंश, अधिक मिनिटं भागिले साठ, अधिक सेकंद भागिले छत्तीसशे. चार्ट काढला तर अख्खं गाव वरच्या कोपऱ्यात एका ठिपक्याएवढं झालेलं आणि खाली डाव्या कोपऱ्यात, शून्य-शून्यवर, दुसरा एक ठिपका. सात ओळींमध्ये अक्षांश-रेखांश भरलेलेच नव्हते. रिकाम्या खान्यांवर सूत्र चालवलं की उत्तर येतं शून्य. आणि शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही जागा खरोखर आहे, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. जगभरातला पत्ता चुकलेला डेटा तिथे जाऊन पडतो, म्हणून नकाशावाल्यांनी त्या जागेचं गमतीने नाव ठेवलंय "नल आयलंड". तिथे बेट वगैरे काही नाही, नुसतं पाणी.

मी काय केलं? सूत्राला एक "इफ" जोडला. उत्तर शून्य आलं तर "एनए" म्हण. एनए असलं की कॅल्क तो ठिपका काढतच नाही. नल आयलंड गायब, गाव पुन्हा पूर्ण पानभर. शीटमध्ये ते एनए ओंगळ दिसत होते म्हणून त्यांचा रंगही पांढरा करून टाकला. वर रूममेटला म्हणाले, "याला एरर हँडलिंग म्हणतात."

मग मी सजावटीला लागले. पाणी जानेवारीतच आटतं त्या जागा लाल, मार्चपर्यंत टिकतं त्या पिवळ्या, बारमाही त्या निळ्या. त्यासाठी अक्षांशाच्या तीन वेगळ्या रांगा केल्या. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून काढलेला नकाशा. त्यातला गावाचा तुकडा तालुक्याच्या गावी जाऊन चित्र म्हणून उतरवून घेतला आणि चार्टच्या मागच्या भिंतीवर ताणून बसवला. चित्राच्या चारी कडांचे अक्षांश-रेखांश माहीत असले आणि चार्टच्या अक्षांना तेच कमाल-किमान दिले, की ठिपके बरोबर रस्त्या-ओढ्यांवर जाऊन बसतात. कोपऱ्यात त्या नकाशाच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख करावा लागतो, तोही केला.

आणि खरंच, यादीत जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं! निळे ठिपके सगळे ओढ्याच्या काठाने, त्यातही सिमेंट बंधाऱ्यांच्या खालच्या अंगाला. लाल ठिपके वरच्या माळावर. आमच्याबरोबर आलेल्या सिव्हिलच्या सरांनी सांगितलं, इथला खडक बेसाल्ट, पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांमध्ये. माळावर तो थर पातळ, ओढ्याकाठी जाड. लोक माळावर दोनशे-तीनशे फूट बोअर मारतात ती नशिबाची सोडत असते. सरपंचांनी बराच वेळ नकाशाकडे बघितलं आणि पुढच्या बंधाऱ्याची जागा बोटाने दाखवली. मला इतकं भारी वाटलं की काय सांगू! पाच दिवसांची पायपीट आणि एक स्कॅटर चार्ट, बस्स.

सहाव्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गावसभा झाली. भिंतीला पांढरी चादर, समोर प्रोजेक्टर. मी बोलायला उभी राहिले. रात्रभर पाठ केलेलं मराठी बरं जमलं. निळे, पिवळे, लाल सगळं सांगितलं. लोक आपापली विहीर ओळखून हसत होते. "ती बघ तात्याची", "आरं आपली लाल हाय की!" टाळ्या झाल्या.

तेव्हा बायकांच्या बाजूला मागे बसलेल्या एक आजी उठल्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात काठी. चादरीजवळ आल्या आणि सगळ्या ठिपक्यांवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे वळल्या.

"पोरी, ह्यात आमी कुटं हाय?"

मी म्हटलं, "आजी, तुमची वस्ती कोणती?"

"डोंगराच्या पायथ्याची. तुमची पोरं आली हुती की परवा. च्या पिऊन गेली."

मी चादरीकडे बघितलं. पायथ्याच्या बाजूला ठिपकेच नव्हते. ठिपके तर सोडाच, नकाशाची कडच त्याच्या अलीकडे संपत होती. तेव्हा मी काय बोलले ते लिहायला आजही हात थबकतो. मी म्हणाले, "आजी, ते स्केलच्या बाहेर आहे."

त्यांना स्केल कळलं नसेल, पण बाहेर एवढं कळलं. मान हलवली, "बरं" म्हणाल्या आणि काठी टेकत जागेवर जाऊन बसल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या "बरं"मध्ये आश्चर्यही नव्हतं. जणू नकाशात नसणं त्यांना सवयीचंच होतं.

रात्री झोप लागेना. उठून लॅपटॉप उघडला आणि जे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. मोजले. निळे ११, पिवळे १८, लाल २५. बेरीज चोपन्न. शीटच्या ओळी एकसष्ट. एकसष्टातून चोपन्न गेले, राहिले सात. पांढरी अक्षरं काळी केली आणि सातही समोर आले. सातच्या सात ओळी पायथ्याच्या वस्तीच्या आणि तिच्या वाटेवरच्या.

मग आठवलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती जोडी परत आली होती. दोघांचे फोन वाटेतच बंद पडलेले. म्हणाले, "बाकी सगळं लिहिलंय, फक्त लोकेशन राहिलंय, नंतर भरू." आणि मीच म्हणाले होते, "चालेल." यादीत ती वस्ती होती. खोली होती, मालकी होती, पाणी कधी आटतं तेही होतं. माझा डेटा तर शून्य-शून्यवर ठिपका काढून ओरडून सांगत होता, की सात जागा हरवल्यात. मीच त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि वर त्याला नाव दिलं एरर हँडलिंग. पुन्हा अक्षांची कड मी बाकीच्या चोपन्न ठिपक्यांना बेताची घेतलेली, कारण नकाशा भरलेला दिसायला हवा होता. म्हणजे लोकेशन भरलं असतं तरी वस्ती कडेबाहेरच राहिली असती. मी तिला दोनदा गायब केली होती.

सातव्या दिवशी पहाटे साडेपाचला रूममेटला उठवलं. फोन पूर्ण चार्ज, वर पॉवर बँक. वाट चढाची. वाटेतल्या तीन जागा नोंदवत सात वाजता वस्तीवर पोचलो. चौदा घरं, मेंढरांचे वाडे, कुत्र्यांनी आमचं जंगी स्वागत केलं. आजी अंगणात बसल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, काल माझं चुकलं. स्केलचं काही नव्हतं. मी तुम्हाला लिहायचंच विसरले." त्या म्हणाल्या, "आलीस न्हवं आता? आदी च्या घे." आणि मग स्वतः काठी टेकत बरोबर आल्या. एक विहीर, दोन बंद बोअर आणि खडकातला एक झरा. झऱ्यातून तांब्या भरायला किती वेळ लागतो ते त्यांनी मला भरूनच दाखवलं. मी उभी राहून बघत होते. शीटमध्ये त्या झऱ्याची ओळ अशी होती: "झरा, सार्वजनिक, मार्चपर्यंत." तांब्या अर्धा व्हायलाच इतका वेळ लागला, की "सार्वजनिक" या शब्दाचं मला हसू आलं आणि लाजही वाटली.

परत येऊन सात ओळी भरल्या, अक्ष मोकळे केले. नवा नकाशा पहिल्यासारखा देखणा नव्हता. गाव खालच्या कोपऱ्यात गर्दी करून बसलेलं, मध्ये मोठी मोकळी जागा आणि वर दूर चार ठिपके. पण आता त्या मोकळ्या जागेलाच अर्थ होता. टँकर ज्या विहिरीत ओततात, तिथपासून वस्तीपर्यंतचं अंतर त्याच शीटमध्ये काढलं. अक्षांशाचा फरक ०.०२४ अंश, रेखांशाचा ०.०१७. किलोमीटर करून पायथागोरस लावला तर ३.२ किलोमीटर. तेही पक्षी उडतो तसं सरळ. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला वाट वळणाची. जुन्या नकाशात सगळं गाव टँकरच्या हाताशी दिसत होतं.

निघण्यापूर्वी नवा प्रिंट ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावला आणि फाइल ऑपरेटरदादांना दिली. सरपंचांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, "लांब हाय, हे माहीत हुतं. पर एवढं लांब दिसत न्हवतं."

बसमध्ये सरांनी एक गोष्ट सांगितली. १८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलरा आला, तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मृत्यू नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती त्यांची गर्दी दाखवली. ही गोष्ट आम्ही ऐकली होती. पण सरांनी पुढचं सांगितलं. पंपापासून दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. ती त्या गर्दीत कुठेच बसत नव्हती. स्नोने चौकशी केली तेव्हा कळलं, तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं आणि ते ती रोज मागवून घ्यायची. म्हणजे त्या गर्दीबाहेरच्या एका मृत्यूनेच त्याचं म्हणणं पक्कं केलं. "ती लांब आहे म्हणून त्याने सोडून दिली असती तर?" एवढं विचारून सर खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्याकडे बघितलं नाही, पण ते मलाच होतं.

नंतर कॉलेजमध्ये परत आल्यावर मी ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढलं आणि ती वस्ती नावासकट तिथे टाकली. त्यात कोणीही भर घालू शकतं, हे मला आधीही माहीत होतं, पण आपण घालावी असं कधी वाटलं नव्हतं. नाव लिहिताना "ळ"च्या जागी "ल" लिहिला. रूममेटने पकडलं. दुरुस्त केला.

मे महिन्यात, आमच्या सबमिशनच्या धामधुमीत, ऑपरेटरदादांनी व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवली. उघडली तर ओळी बासष्ट. बासष्टावी ओळ: "प्लॅस्टिक टाकी, ग्रामपंचायत, पायथा वस्ती, टँकर आठवड्यातून दोनदा." अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत, बरोबर रांगेत. मी लगेच फोन लावला. त्यांना म्हटलं, नकाशाचा उपयोग झाला तर! ते हसले. "नकाशा हाय बोर्डावर. पर मॅडम, म्हातारी तीन महिनं दर सोमवारी हाफिसात येऊन बसली. नकाशावर काठी ठिवून इचारायची, ह्ये आमी, मग टँकर कुटं?"

म्हणजे श्रेय आजींचं. माझं काम एवढंच, की काठी टेकवायला तिथे चार ठिपके होते. आणि तेही आजींनी विचारलं म्हणून.

तर ज्युनिअर्सना एकच सांगणं. चार्ट काढा, नकाशे काढा, कॅल्कमध्ये काढा नाहीतर आणखी कशात. पण लोकांपुढे उभं राहण्याआधी ओळी मोजा आणि ठिपके मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर जेवायला जाऊ नका. जो ठिपका उमटत नाही, तिथेही कोणीतरी चहा पाजलेला असतो.

आणि हो, एकोणसाठ म्हणजे ५९. आता चुकणार नाही.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी